पुरुष, वय अडुसष्ट

मी काय काम करते हे सांगताना मला नेहमी चार वाक्यं जास्त लागतात. मी डॉक्टर नाही. मेकॅनिकल इंजिनीअर आहे, आणि अमरावतीला बडनेरा रोडवरच्या दोन खोल्यांत आजारी माणसांच्या हृदयांच्या प्रतिकृती बनवते. पेशंटचा सीटी स्कॅन माझ्याकडे येतो. त्यातून मी कॉम्प्युटरवर त्याच्या हृदयाचा आकार वेगळा काढते आणि थ्रीडी प्रिंटरवर ते हृदय खऱ्या मापाचं, हातात धरता येईल असं तयार करते. ऑपरेशनच्या आधी सर्जन ते हातात घेतो, फिरवून बघतो, कधी कापूनही बघतो. छाती उघडल्यावर आत काय दिसणार आहे, हे त्याला आधी कळलेलं असतं.

या कामाला मला लावलं ते अमरावतीच्या एका हार्ट सर्जननी. ते मोर्शीकडचे, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातले, वयानं माझ्याहून बरेच मोठे. मी पुण्यात यंत्रांच्या सुट्या भागांची डिझाइनं करायची. ती नोकरी सोडून परत आले, कारण आई-बाबा अकोल्याला होते आणि काही झालं तर लगेच पोचता यावं असं मला वाटत होतं. एका ओळखीतून सरांनी मला बोलावलं आणि एका लहान मुलीचा स्कॅन दाखवला. तिच्या हृदयातलं छिद्र पडद्यावर बघून त्यांचं समाधान होत नव्हतं. "मशीनचे पार्ट बनवता ना, मग हा एक पार्ट बनवून द्या," म्हणाले. मी दिला. ती मुलगी बरी होऊन घरी गेली, आणि मी या कामाची झाले.

घरी या कामाचं सगळ्यात जास्त कौतुक बाबांना. बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. बार्शीटाकळीपासून अकोटपर्यंत लोकांची शेतं मोजण्यात त्यांची नोकरी गेली. भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये बांधावर उभं राहायचं, मोजायचं, आणि जिथे हद्द निघेल तिथे खूण करायची. मोजणी होईपर्यंत ते कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. आमच्या नात्यागोत्यात कोणाला काही खरं विचारायचं असलं की लोक त्यांच्याकडे येत. मीही तशीच वाढले. बाबा सांगतात ते तसंच असतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "आज कोणाचं काळीज करून राहिली?"

काळीज म्हणजे खरं तर यकृत, असं मी त्यांना एकदा समजावलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळीजच म्हणाले. कोणाचं हे मलाही माहीत नसायचं. हॉस्पिटलमधून येणाऱ्या फाइलवर नाव नसतं. एक नंबर असतो, पुरुष की स्त्री ते असतं आणि वय असतं. मी बाबांना सांगायची, आज एका बाईचं आहे, झडप खराब आहे; आज एका बाळाचं आहे, माझ्या मुठीत मावतं. ते मन लावून ऐकायचे. मग आईकडे फोन जायचा आणि बोलणं भाजीवर यायचं.

आता ज्या हृदयाबद्दल सांगायचं आहे, ते असंच नाव नसलेलं माझ्याकडे आलं. ते कोणाचं आहे हे मला सोडून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पावसाळा सरत आला होता. सरांचा फोन आला की एक केस पाठवतो, सावकाश करा, घाई नाही. एरवी सरांना प्रत्येक काम काल हवं असतं. मला एवढं जाणवलं, पण मी काही विचारलं नाही. फाइलवर होतं, पुरुष, वय अडुसष्ट.

या माणसाला आधी कधीतरी हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि बहुधा तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाकडचा स्नायू मेला होता. मेलेला भाग हळूहळू पातळ होत गेला आणि सायकलच्या ट्यूबला येतो तसा तिथे फुगा आला होता. फुग्याच्या आत रक्ताची गुठळी धरलेली होती. सरांना तो फुगा कापून, गुठळी काढून भिंत शिवायची होती आणि बायपासही करायचा होता. प्रश्न असा होता की फुगा काढल्यावर जो कप्पा उरेल तो पुरेसा आहे का. ते मॉडेलवर बघायचं होतं.

सीटी स्कॅन म्हणजे छातीचे पातळ पातळ काप केल्यासारखी शेकडो करडी चित्रं. हृदयात रंगद्रव्य सोडलेलं असतं म्हणून ते पांढरं चमकतं. हाडंही तशीच पांढरी दिसतात, त्यामुळे कॉम्प्युटर सुरुवातीला दोन्ही एकत्रच उचलतो. माझं पहिलं काम हाडं काढून टाकणं. बरगड्या, पाठीचा कणा, छातीचं मधलं हाड, सगळं निवडायचं आणि पुसायचं. ते करताना मी हाडांकडे बघत नाही. ज्वारी निवडताना आपण खड्यांकडे बघत बसत नाही, तसं. त्या दिवशीही मी ती हाडं पुसली आणि हृदयाला लागले.

मॉडेल चांगलं झालं. मऊ रेझिनमध्ये केलं होतं, म्हणजे सरांना कापून शिवून बघता यावं. फुग्याची भिंत इतकी पातळ होती की खिडकीसमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसायचा. बोट टेकवलं की खळगा पडायचा.

त्या आठवड्यात बाबा या एका हृदयाला धरून बसले. एरवी दोन प्रश्न विचारून ते पुढे जायचे. या वेळी रोज तेच. फुगा केवढा आहे? मी म्हटलं, बारक्या संत्र्याएवढा. भिंत किती जाड उरली आहे? मी म्हटलं, दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर जेवढी होईल तेवढी. फुगा कापला तर मागे काय उरतं? मी अंदाजानं सांगितलं. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, मोजमापाची सवय आहे, मन रमतंय. मला बरंच वाटत होतं.

मग एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते, फोन स्पीकरवर होता, आणि त्यांनी विचारलं, "मंग त्या माणसानं ऑपरेशन कराव का नाई?"

"मी डॉक्टर थोडीच आहे, बाबा."

"डॉक्टरचं नाई इचारत. तुयं इचारून राहिलो."

मी फार विचार न करता बोलले. घरच्या माणसाशी बोलतो तसं. "मी असती त नसतं केलं. त्या भिंतीत टाका धरन का नाई तेच समजत नाई. टेबलावर मरण्यापरिस जेवढं आहे तेवढं घरी जगली असती."

ते "बरं" म्हणाले. मग जेवलीस का विचारलं, आणि फोन आईकडे न देता ठेवला.

थोड्या दिवसांनी सरांनी सांगितलं की पेशंटनं ऑपरेशनला नकार दिला. मॉडेल परत घेऊन जा, शिकवायला कामी येईल. सर नाराज दिसत होते. मलाही जरा वाईट वाटलं, पण ते मेहनत वाया गेल्याचं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबा दर वर्षी नागपूरला जायचे. त्या वर्षी नको म्हणाले, गर्दी सोसत नाही. म्हणून मीच अकोल्याला गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनीअरिंग कॉलेजात मुलांसमोर बोलायचं होतं, त्यासाठी दोन-तीन मॉडेलं बॅगेत घेतली होती. त्यात हेही होतं. सकाळी सगळे विहारात जाऊन आले होते, आईनं खीर केली होती, धाकटा भाऊ घरीच होता. मी कौतुकानं ते मॉडेल काढलं आणि बाबांना म्हटलं, "हे बघा, तुमी रोज इचारत होते ना, ते हे."

बाबांनी चष्मा लावला. दोन्ही हातांत धरून त्यांनी ते उजेडाकडे केलं. फुग्याच्या पातळ भिंतीवर अंगठा ठेवला आणि अलगद दाबला. मी शेजारी बसून त्यांना दाखवत होते, इथून रक्त आत येतं, इथून बाहेर जातं, ही गुठळीची जागा. आई खिरीचा वाडगा घेऊन दारात उभी होती. ती तशीच आत वळली. भाऊ मोबाइल कानाला लावून अंगणात गेला. त्याचा फोन वाजलाच नव्हता, हे मला खूप नंतर आठवलं.

"अन् हा माणूस आता कसा आहे?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "मले का माहीत? असन कुठं तरी."

त्यांनी मान हलवली, मॉडेल टीपॉयवर ठेवलं आणि मला खीर घे म्हणाले. त्या दिवशी ते नेहमीसारखे बोलले, हसले. दुपारी जरा झोपले. मी संध्याकाळी त्यांच्या पाया पडून कॉलेजच्या गेस्ट हाउसवर गेले.

खरं काय ते मला उन्हाळ्यात कळलं. एका व्याख्यानासाठी मला चित्रं करायची होती. मुलांना दाखवायचं होतं की पूर्ण छातीच्या स्कॅनमधून आम्ही हृदय वेगळं कसं काढतो. त्यासाठी हाडांसकट चित्र हवं होतं. मॉडेल हाताशी होतं म्हणून मी तीच फाइल उघडली, आणि या वेळी हाडं पुसली नाहीत. पडद्यावर छातीचा पूर्ण पिंजरा आला. मी तो फिरवला.

डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडून जुळलेल्या होत्या. दोनवर गाठी होत्या, आणि तिसरी जुळताना एकावर एक चढून वाकडी बसली होती.

मी शाळेत असताना बाबा बार्शीटाकळीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडले होते. बरेच दिवस अंथरुणावर होते. संध्याकाळी त्यांच्या पाठीला आणि कुशीला तेल लावायचं काम माझ्याकडे होतं. पुढेही, बरे झाल्यावरही, थंडीत ती जागा दुखायची आणि मी तेल लावायची. दोन गाठी आणि त्यांच्याखाली ती चढलेली बरगडी माझ्या बोटांना पाठ होती. त्या जागेशी हात आला की ते म्हणायचे, हळू.

मी स्कॅनची तारीख बघितली. त्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं होतं की आम्ही तिघं मूर्तिजापूरला मावशीकडे आहोत, उशिरा येऊ. मला तो दिवस आठवत होता, कारण मावशीला फोन दे म्हटल्यावर ती झोपली आहे असं आई म्हणाली होती. स्कॅन अमरावतीला झाला होता. माझ्या खोल्यांपासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

मी भावाला फोन केला. विचारलं एवढंच, की बाबांचा स्कॅन कधी केला. त्यानं उलट विचारलं, "तुले कोनं सांगितलं?"

मला दुसरं उत्तर नको होतं. पण त्यानं आता सगळं सांगितलं. बाबांना चालताना धाप लागत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला सरांकडे पाठवलं. दोन वेळा ते अमरावतीला येऊन गेले. दोन्ही वेळा भावानं गाडी चालवली. डबे घरून आणले होते, हॉस्पिटलच्या आवारात झाडाखाली गाडीतच बसून तिघं जेवले. माझ्या घरावरून जाणारा रस्ता बाबांनी टाळायला लावला. ताई दिसली तर, म्हणाले.

मी त्याला दोष दिला नाही. तो कोणत्याच गोष्टीत बाबांच्या पुढे जात नाही. पण मला ते झाड दिसत होतं. मी त्या हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून एकदा तरी जाते.

सरांकडे गेले तेव्हा ते ओपीडी आटोपून बसले होते. मी फाइलचा नंबर सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमचे वडील माझे पेशंट आहेत," ते म्हणाले. "पेशंटनं घरच्या एका माणसाला सांगू नका म्हटलं, तर मी सांगू शकत नाही."

हे मला मान्य होतं. मी विचारलं, मग फाइल माझ्याकडे का पाठवली? दुसऱ्या कोणाकडून करून घेता आलं असतं.

ते म्हणाले की त्यांनाही तसंच करायचं होतं. बाबांनी अट घातली होती. मॉडेल माझ्या पोरीनं केलं तरच मी ऑपरेशनचा विचार करीन, आणि ते कोणाचं आहे हे तिला कळता कामा नये. सरांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा मुलीच्या हातावर भरवसा आहे. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट माझा हात थरथरू नये म्हणून हे बरंच, असं त्यांना वाटलं.

"थरथरला असता तर थरथरला असता," मी म्हटलं. "करायचं की नाही ते मी ठरवलं असतं."

मग मी त्यांना फोनवरचं बोलणं सांगितलं. बाबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. सरांचा चेहरा बदलला. ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि परत आले.

"तुम्ही नको म्हणालात?"

"मला माहीत नव्हतं ते कोण आहेत."

"मी त्यांना करा म्हणालो होतो," सर म्हणाले. "तुमचं मॉडेल बघूनच म्हणालो होतो. कप्पा पुरेसा उरत होता. मी ते कापून, शिवून बघणार होतो, त्याआधीच त्यांचा निरोप आला. मला शेवटपर्यंत कळलं नाही, हा माणूस मागे का फिरला."

बाबांनी आम्हा दोघांनाही अर्धं अर्धं सांगितलं होतं.

त्याच दिवशी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. ऊन असं होतं की स्टेशनबाहेर एकही रिक्षावाला जागेवरून हलायला तयार नव्हता. घरी पोचले तेव्हा बाबा कूलरसमोर बाजेवर बसले होते. भावानं फोन केला असणार, कारण मला बघून ते दचकले नाहीत. आई पाणी घेऊन आली. मी पाणी घेतलं नाही.

"माह्याच हातानं करून घेतलं," मी म्हटलं. "अन् माह्याच तोंडून इचारून घेतलं."

बाबा म्हणाले, "मले खरं ऐकाचं होतं, बेटा."

"डॉक्टरनं खरं नव्हतं सांगितलं?"

"डॉक्टरले ऑपरेशन कराचं असते. हे दोघं रडून राहिले होते. घरात कोनाचं खरं ऐकू मी?"

"मंग मले सांगून इचाराचं होतं."

"तुले सांगितलं असतं त तू खरं बोलली नसती," ते म्हणाले. अगदी शांतपणे, बांधावर उभं राहून हद्द सांगावी तसे. "माहा बाप आहे म्हनून बोलली असती. मले बिनबापाच्या पोरीचं ऐकाचं होतं."

हे वाक्य त्यांनी चांगल्या अर्थानं म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. तरी माझा आवाज चढला. मी म्हटलं की मला त्यातलं काही कळत नाही, मी आकार बनवते, भिंतीत टाका धरतो की नाही हे सर्जनला कळतं. मेथी निवडता निवडता बोललेल्या दोन वाक्यांवर तुम्ही तुमचा जीव ठेवला. परक्या माणसाबद्दल आपण जसं बोलतो, तसं मी बोलले होते.

"तू नाई ठरवलं. मी ठरवलं," ते म्हणाले.

आई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता बोलली.

"तूच नको म्हनाली. यायचा फोन बी स्पीकरवर होता. मी आयकून राहिली होती. मी कितीक दिवस समजावलं यायले, ते तयार झाले होते. अन् तू दोन मिन्टात मोडलं."

तेव्हा मला धम्मचक्र दिनापासूनचं तिचं वागणं समजलं. माझ्याशी तुटक बोलायची, फोन लवकर ठेवायची, घरी गेले की कामात असायची. मी ते वयाच्या खात्यात टाकलं होतं. तिनं इतके महिने मला अपराधी धरलं होतं आणि कोणत्या अपराधासाठी ते मला कळू दिलं नव्हतं. बाबांनी माझं मत चोरून घेतलं. आईनं ते ऐकलं, त्याची शिक्षा मला दिली आणि मला बोलायची जागाच ठेवली नाही. दोघांत मला आईचं जास्त लागलं. बाबांना निदान माझ्याकडून काही हवं होतं.

मी रात्री थांबले नाही. बस मिळाली, तिनं परत आले.

पुढच्या आठवड्यात सरांनी बाबांना पुन्हा तपासायला बोलावलं. मी त्यासाठी अडून बसले होते आणि भावानं पहिल्यांदा माझं ऐकलं. हृदय आणखी थकलं होतं, किडन्याही कुरकुरत होत्या. सर म्हणाले की आता ऑपरेशन करा असं मी सांगणार नाही. बाबा मान हलवत होते, जणू त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. ते बघून मला इतका राग आला की मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले.

मी फोन घेणं बंद केलं नाही. तेवढं मला जमलं नाही. रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा, मी उचलायची. पण मी त्यांना पुन्हा कधी कोणत्याच हृदयाबद्दल सांगितलं नाही. ते विचारायचे, आज कोणाचं काळीज. मी म्हणायची, चालू आहे काम. सुरुवातीला ते थोडा वेळ वाट बघायचे, मी काही पुढे बोलते का म्हणून. मग त्यांनी विचारणं सोडलं. आम्ही पावसाचं, भावाच्या नोकरीचं, तुरीच्या डाळीचं बोलायचो. त्यांना काय तुटलं ते कळत होतं. मलाही कळत होतं. जोडायला पुढे कोणी झालं नाही.

पुढच्या थंडीत ते गेले. दुपारी जेवून पडले आणि चहाला उठले नाहीत. आईनं मला स्वतः फोन केला, भावाला करायला लावला नाही, आणि "तुये बाबा गेले" एवढंच म्हणाली. सर अकोल्याला आले होते. मागे उभे राहिले, फुलं ठेवली, माझ्याशी दोन शब्द बोलले आणि गेले. ऑपरेशन झालं असतं तर बाबा जास्त जगले असते की टेबलावरच गेले असते, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांना माहीत नाही आणि कोणालाच माहीत असणार नाही. मला मात्र या प्रश्नाबरोबर ठेवून बाबा निघून गेले, आणि मला न विचारता ठेवून गेले.

आता मी सरांना एक सांगून ठेवलं आहे. माझ्या नात्यातल्या कोणाचंही काम असेल तर एक तर मला नाव सांगा, नाही तर ते दुसऱ्याकडे पाठवा. आणि मी घरी-दारी कोणत्याही केसबद्दल मत देत नाही. लोक विचारतात, तुम्हाला काय वाटतं, वाचेल का? मी म्हणते, डॉक्टरांना विचारा. काहींना तो ताठा वाटतो.

आईशी बोलणं जेवढ्यास तेवढं राहिलं. मी महिन्याला जाऊन येते, औषधं आणून देते, तिच्या हातची अंबाडीची भाजी खाते. त्या उन्हाळ्यातल्या दुपारबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी काढलं नाही.

गेल्या महिन्यात तिला चक्कर येऊन ती अंगणात पडली. भावानं तिला अमरावतीला आणलं, आणि थेट माझ्या घरी आणलं. आम्ही तिघं एका फिजिशियनकडे गेलो. रिपोर्ट आले होते. डॉक्टरांनी आईकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे, आणि म्हणाले की आधी मी आजींशी एकट्यांशी बोलतो. मला वाटलं हेही आता तसंच होणार. मी पर्स उचलून उठलेसुद्धा.

आई म्हणाली, "नाई. जे सांगाचं ते इच्यासमोर सांगा. इच्यापासून आता काई लपवाचं नाई."

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मला वाटलं, हे वाक्य तू दोन वर्षांपूर्वी त्या झाडाखाली गाडीत बसून बाबांना म्हणाली असतीस तर. तोंडावर आलेलं ते मी गिळलं. आईनं टेबलाची कड घट्ट धरली होती. मी पर्स खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि डॉक्टरांकडून रिपोर्ट मागून घेतले.